मेलेल्या झाडाची नोंद कोण ठेवणार?

बीड जिल्ह्यात झाडांचा विषय निघाला की पुढे येतो तो लागवडीचा आकडा. २०१६ साली राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं लावण्याचा संकल्प झाला. मग २०१७ साठी ४ कोटी, २०१८ साठी १३ कोटी आणि २०१९ साठी ३३ कोटी असं लक्ष्य वाढत गेलं. २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची घोषणा झाली, तेव्हाही वाद 'किती लावली, किती जगली' याच्यापुढे गेला नाही. ज्या जिल्ह्यात वनाच्छादन तीन टक्क्यांच्या आत आहे, तिथे हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. पण त्याच्या पाठोपाठ यायला हवा तो प्रश्न येत नाही : जी झाडं मेली ती कोणती, कोणत्या साली मेली, कशानं मेली आणि मेल्यावर त्यांच्या लाकडाचं काय झालं? माझं म्हणणं असं की बीडसारख्या कोरड्या मुलखात झाडांच्या मरणाची आणि पडलेल्या लाकडाची नोंद लागवडीच्या नोंदीपेक्षा अधिक शिकवून जाते. मात्र ती एका पिढीनं सुरू करून दुसरीच्या हाती सोपवावी लागते. हे कुठल्याही गावात मांडलं तर हरकती निघतील, आणि त्यातल्या बऱ्याच वाजवी असतील. म्हणून इथे दोन कल्पित माणसं समोरासमोर बसवली आहेत : पाटोदा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचताई आणि त्याच भागातल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर. माणसं कल्पित असली तरी हरकती खऱ्या आहेत.

ताई : सर, राग मानू नका, पण आमच्याकडे जितं झाड राखायची मारामार आणि तुम्ही मेलेली मोजायला निघालात. वाळलेली बाभूळ म्हणजे आमच्या लेखी सरपण. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. उज्ज्वला योजनेतून गॅसची टाकी घरोघर आली, हे खरं आहे. पण ती भरून आणायला रोख पैसा लागतो, म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी अन् आंघोळीचं पाणी चुलीवर, असा हिशेब घरोघरच्या बायकांनी बसवलाय. त्यात नायगावच्या मयूर अभयारण्यातून वाळकी काडी उचलायची नाही, असं वनरक्षक सांगतो. आता तुम्हीही म्हणणार, लाकूड किड्यांसाठी राहू द्या. हे त्या बाईच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि लाकूड पडून राहिलं की वाळवी लागते, वणवा लागला तर तेच पेटतं. ज्यानं घर पोसायचं ते रानात कुजू द्यायचं, याला गाव शहाणपणा म्हणणार नाही.

सर : ताई, आधी सरपणाचंच बघू, कारण तिथे आपला वाद वाटतो तेवढा मोठा नाही. डोक्यावरच्या मोळीत काय असतं? बोटाएवढ्या, फार तर मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या, पळसाच्या आणि हिवराच्या काटक्या, तुराट्या, पऱ्हाट्या. मांडीएवढं खोड मोळीत बसतच नाही. ते करवतीनं कापून ट्रॅक्टरमध्ये जातं आणि वीटभट्टीत नाहीतर ढाब्याच्या भट्टीत जळतं. मी राखा म्हणतो ते जाड खोड. काटक्या लवकर कुजतात, त्यांच्यावर फार जीव पोसले जात नाहीत. त्या चुलीत गेल्या तर माझी हरकत नाही. जाड खोडाची गोष्ट वेगळी. उभ्यानं वाळलेल्या बाभळीजवळ जाऊन बघा. साल सुटायला लागली की तिच्याखाली भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी पाडलेले नागमोडी बोगदे दिसतात आणि बुंध्याशी पिवळट भुस्सा साठतो. बाहेरून वाळवी मातीचा पापुद्रा चढवत वर सरकते. बुरशीनं आतलं लाकूड मऊ पडलं की सुतारपक्षी त्यात भोक पाडतो. मराठा सुतार हा तर कोरड्या मुलखातलाच पक्षी, वाळक्या फांदीत घरटं कोरणारा. त्यानं सोडलेल्या भोकात रानचिमणी आणि राखी वल्गुली अंडी घालतात. खोडाला मोठी ढोली पडली की पिंगळा, पोपट, नीलपंख येतात. यांतल्या बहुतेकांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. शेवटी झाड आडवं झालं की त्याच्याखाली घोरपड, सापसुरळी, विंचू यांना उन्हाळ्यातला गारवा मिळतो. काटकी नेली तर यातलं थोडंच जातं, खोड नेलं तर सगळंच जातं.

सरांनी जाड आणि बारीक असा जो भेद केला, त्यानं सरपणाच्या हरकतीची धार बरीच कमी होते; संपत मात्र नाही. अभयारण्यात हा भेद कायद्याला मान्य नाही. वनांविषयीच्या गोदावर्मन खटल्यात १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरणपंथाला लागलेली किंवा वाऱ्यानं पडलेली झाडं, वाहून आलेली लाकडं आणि गवत हलवायला मनाई केली. १९९४ साली जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं नायगाव अभयारण्य त्याच चौकटीत येतं. नियमाला पाव शतक झालं; पण त्या पाव शतकात पडून राहिलेल्या लाकडानं काय साधलं, ढोल्या वाढल्या की नाही, माती थांबली की नाही, हे गावापुढे मांडता येईल अशी मोजदाद गावाच्या हाती नाही. ताईंचा राग बंदीवर दिसत असला तरी त्याच्या मुळाशी हेच आहे. कारण कळत नसलं की नियम जाचक वाटतो, आणि कारण दाखवायचं तर मोजमाप लागतं.

वाळवीच्या आणि वणव्याच्या हरकतीला उत्तर द्यायला पुरावा बराच उपलब्ध आहे. २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सहा खंडांतल्या ५५ जंगलांमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. मेलेल्या लाकडातून दरवर्षी सुमारे १०.९ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो आणि त्यातला २९ टक्के वाटा कीटकांचा आहे, असा त्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी 'सायन्स'मध्ये १३३ ठिकाणांचा अभ्यास आला. तापमान १० अंशांनी वाढलं की सूक्ष्मजीवांकडून लाकूड कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, तर वाळवीचा वेग जवळजवळ सातपट होतो, असं त्यात दिसलं. शिवाय लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. वाळवी पाणी आणि ओलावा आपल्या वारुळात सांभाळते, त्यामुळे कोरड्या उष्ण प्रदेशात तिचं पारडं जड असतं. बीडमधल्या बालाघाट डोंगराच्या माळावर पावसाचे तीन-चार महिने सोडले तर बुरशीचं काम मंदावतं आणि खोडाची माती करण्याचा मोठा भार वाळवीवर येतो. दख्खनच्या वाळवीतल्या काही जाती वारुळात बुरशीची बागच करतात. पहिल्या पावसानंतर वारुळाभोवती उगवणारी अळंबी त्या बागेतूनच वर येते. वाळवी उसाच्या बेण्याला लागते, भुईमुगाला लागते, पाण्यावाचून खंगलेल्या रोपालाही लागते, हे नाकारायचं कारण नाही. म्हणून शेताच्या बांधालगत, नव्या रोपवनात जाड लाकूड ठेवू नये, इतकं मान्य करता येतं. वणव्याचंही तसंच आहे. माळावरची आग वाळलं गवत आणि पाचोळा यांच्यावर धावते, जाड ओंडक्यावर नाही. पण उभं वाळलेलं खोड एकदा पेटलं की दोन-दोन दिवस धुमसतं आणि ठिणग्या उडवतं, त्यामुळे जाळरेषेच्या जवळचं खोड हलवणं रास्त ठरतं. या अपवादांनी मूळ मुद्दा कमजोर होत नाही. कुठे ठेवायचं आणि कुठून हलवायचं, एवढं ठरतं.

ताई : बरं, वाळवीचं पटलं म्हणू. पण सर, तुमचे हे अभ्यास कुठल्या रानातले? बाहेरच्या मुलखांतल्या. आमचा डोंगर उघडा माळ आहे. गवत, बोरी, बाभळी, कुठं पळस, कुठं धावडा, धारूरकडं सीताफळ. म्हातारी माणसं सांगतात, इथं गच्च जंगल कधीच नव्हतं. तिथलं गणित इथं कसं लागू होणार? आणि दुसरं असं की पन्नास वर्षं थांबायला गावाला सवड नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं. धरणाची भिंत आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला, आणि पाणी प्यायचं ते लातूर. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असा दुष्काळ डोक्यावर असताना पन्नास वर्षांची वही मांडून बसणारा माणूस गावाला रिकामटेकडा वाटतो.

सर : पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे. दख्खनचा माळ हे उजाड झालेलं जंगल समजून त्यावर दाट झाडं कोंबणं चूक, हे आता अभ्यासकही म्हणतात. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्राचे माळ कित्येक शतकं मोकळेच होते. मराठवाड्यात काय काय उगवतं याची यादी वि. ना. नाईक यांच्या १९९८ च्या ग्रंथात आहे. पण कुठल्या माळावर कोणतं झाड किती, कुठल्या वर्षी किती मेलं, हे अशा यादीतून कळत नाही. म्हणून तर बाहेरचं गणित उसनं न घेता इथं मोजायचं. माळावर झाडंच विरळ, तेव्हा जाड वाळकं खोड त्याहून विरळ. जंगलात एक ढोली गेली तर शेजारी दुसरी मिळते, माळावर मिळत नाही.

आता सवडीचं. तमिळनाडूत मुदुमलाईला बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेनं, रामन सुकुमार यांच्या पुढाकारानं, १९८८ मध्ये ५० हेक्टरचा तुकडा आखला. एक सेंटिमीटर आणि त्याहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. अशी सुमारे २६ हजार खोडं भरली. कोण मेलं आणि कोण नव्यानं आलं हे दरवर्षी, आणि प्रत्येकाची जाडी दर चार वर्षांनी, असा नेम ठेवला. तिथं पाऊस आपल्याहून जास्त आहे, हत्तीही आहेत. पण धावडा, ऐन, साग ही झाडं आपल्या ओळखीची आहेत. १९ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा दिसलं की पावसाची तूट आणि मोठ्या झाडांचं मरण यांत दोन-तीन वर्षांचं अंतर पडतं. झाड दुष्काळात पाय रोवून उभं राहतं आणि पाऊस परतल्यावर मरतं. बीडमध्ये हे तसंच घडत असेल, तर २०१६ साली मोजून गेलेल्या माणसानं 'झाडं तगली' असं लिहिलं असेल आणि २०१८ ला पडलेल्या झाडांचा दोष दुसऱ्याच कुणावर गेला असेल. उलटी चूकही होते. पळस, धावडा, बोर ही झाडं वरून पूर्ण वाळतात, आगीत जळतात आणि पुढच्या पावसात बुडातून फुटवे काढतात. पाहणारा एकदाच आला तर तो त्यांना मेलेलं धरतो. कोरड्या मुलखात झाड मेलं की नाही हे ठरवायलाच तीन-चार पावसाळे जातात. दुष्काळ डोक्यावर आहे म्हणून सवड नाही, असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, दुष्काळ पुन्हा येणार आहे म्हणूनच वही आज उघडायला हवी, कारण दुष्काळाआधीची नोंद दुष्काळानंतर करता येत नाही.

सरांचं हे शेवटचं विधान माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. लागवडीच्या अहवालातून कळतो तो खर्च आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतली जिवंत रोपांची टक्केवारी. देखभालीचा निधी संपला की नोंद थांबते. मुदुमलाईत दिसलेलं दोन-तीन वर्षांचं अंतर इथेही असेल, तर वाढलेल्या झाडांवरचा दुष्काळाचा घाव नेमका या नोंदीच्या बाहेर पडतो. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं सह्याद्री देवराई उभी राहिली. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० ला तिथे वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं गेलं. झाडांसाठी माणसं एका उघड्या डोंगरावर गोळा होतात, हे बीडच्या सार्वजनिक जीवनात मोलाचं आहे. पण त्या डोंगराची खरी परीक्षा पुढच्या तीस-चाळीस वर्षांत, तिथली पहिली झाडं म्हातारी होऊन मरायला लागतील तेव्हा होईल. लावलेली सगळी झाडं एकाच वयाची असली तर ती साधारण एकाच काळात थकतात. त्या वेळी कोणती जात आधी गेली, कोणत्या उतारावर गेली, तिच्या जागी बियांतून काय उगवलं हे माहीत असेल, तर पुढची लागवड अंदाजावर होणार नाही. देवराईच्या जुन्या प्रथेकडूनही शिकण्यासारखं आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा पडलेली काटकीही उचलायची नाही असा दंडक पाळणाऱ्या राया त्यांना आढळल्या. हा नियम श्रद्धेनं टिकला होता. नव्या देवराईमागे शतकांची श्रद्धा नाही, म्हणून तिथे हा नियम पुराव्यावर उभा करावा लागेल.

ताई : पुरावा गोळा कोण करणार, ते सांगा. सरकारी योजना साहेब बदलला की बदलते. कॉलेजची पोरं एक वर्ष येतात, फोटो काढतात, जातात. ग्रामपंचायतीच्या कपाटात लोकजैवविविधता नोंदवही पडून आहे. एका संस्थेनं भरून दिली, त्यानंतर ती कुणी उघडली नाही. पन्नास वर्षांची वही पाच वर्षांत वाळवी खाईल, आणि तुमच्या हिशेबानं ते चांगलंच म्हणायचं!

सर : ही हरकत सगळ्यांत जड आहे, ताई. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये दीर्घकालीन परिस्थितिकी वेधशाळांचा कार्यक्रम जाहीर केला, पण असे कार्यक्रम मोठ्या जंगलांकडं आणि मोठ्या संस्थांकडं जातात. बालाघाटाच्या माळाची पाळी कधी येईल, कोण जाणे. म्हणून आपली वही इतकी साधी असावी की संस्थेवाचून चालावी. ओरेगॉनमध्ये मार्क हार्मन यांनी १९८५ मध्ये पाचशेहून जास्त ओंडके जंगलात ठेवले आणि प्रयोग २०० वर्षांचा आखला. स्वतः पाहू शकणार नाही असा शेवट त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केला, त्यामुळं पद्धत दुसऱ्याला चालवता येईल अशी ठेवणं भाग पडलं. आपल्याला एक हेक्टर पुरे. चार कोपऱ्यांना दगड, प्रत्येक जाड खोडाला पत्र्याचा बिल्ला, जमिनीपासून १.३० मीटरवर रंगाचा पट्टा आणि त्याच पट्ट्यावर टेप लावून घेर. मेलेलं उभं आहे की आडवं, साल आहे की गेली, ढोली किती, वाळवीचा पापुद्रा आहे का, एवढे रकाने. दसऱ्याआधी, म्हणजे पानं असताना आणि गाव ऊसतोडीला निघायच्या आत, दोन-तीन दिवसांत मोजणी उरकते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्या नोंदवहीलाच हा तक्ता जोडायचा. एक प्रत पंचायतीत, एक महाविद्यालयात, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात. तिन्ही एकाच वेळी हरवणार नाहीत.

ताई : चालेल, पण माझी एक अट आहे. एक हेक्टर तुमच्या पद्धतीनं ठेवा, लाकूड पडू द्या. पण त्याच्या शेजारी, अभयारण्याच्या बाहेरच्या गायरानात, दुसरा एक हेक्टर आमच्या पद्धतीनं राहील. तिथून बायका नेहमीसारखं सरपण नेतील, जाड असो की बारीक. त्यांना कुणी अडवायचं नाही. मोजणी दोन्हीकडं सारखीच करायची, आणि मोजायला गावातल्याच पोरी लावायच्या, मजुरी देऊन.

ताईंच्या अटीनं सरांच्या योजनेला तोवर नसलेली एक गोष्ट मिळते : तुलना. लाकूड राखलेला एकच तुकडा पन्नास वर्षं मोजला तरी तिथे जे दिसलं ते लाकडामुळे की पावसामुळे, हे सांगता येणार नाही. शेजारी सरपण नेलेला तुकडा असला तर दोघांवर पाऊस तोच, उतार आणि मातीही जवळपास तीच. फरक उरतो तो मुख्यतः लाकडाचा. एकेका हेक्टरची एकच जोडी पुराव्याला तोकडी पडेल; पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर अशा तालुक्यांत आठ-दहा गावांनी अशा जोड्या आखल्या तर निष्कर्षाला वजन येईल. आणि हा प्रयोग माझ्या म्हणण्याविरुद्धही कौल देऊ शकतो, हे आधीच मान्य करायला हवं. वीस वर्षांनी दोन्ही तुकड्यांत ढोल्या, पक्षी, मातीतला कस आणि नव्यानं रुजलेली झाडं सारखीच निघाली, तर गायरानातलं जाड लाकूड राखण्याचा आग्रह सोडून द्यावा आणि ते खुशाल सरपणात जाऊ द्यावं. फरक निघाला, तर किती खोडं राखली म्हणजे पुरतं याचा आकडा गावाच्या स्वतःच्या मोजणीतून मिळेल आणि वनरक्षकाला बंदीऐवजी कारण सांगता येईल. कौल कोणताही लागो, दरम्यान येणाऱ्या प्रत्येक दुष्काळात कोणतं झाड कधी मेलं याची खात्रीची नोंद त्या गावांपाशी असेल, आणि पुढच्या कोटीच्या संकल्पातली रोपं निवडताना तीच सगळ्यांत आधी उघडावी लागेल.